अगारिकॉनच्या कॅप्सूल: बाटलीत ओट, झाडावर अळंबी

हे परीक्षण एका पूरक आहाराच्या बाटलीचे आहे. बाटलीत ६० कॅप्सूल आहेत आणि दिवसाला दोन या हिशेबाने त्या महिनाभर पुरतात. लेबलवर मोठ्या अक्षरांत ‘अगारिकॉन’ हे नाव असून त्याखाली एका पुराणवृक्षाच्या खोडाला पोळ्यासारखी लटकलेली पांढरी अळंबी छापली आहे. मागच्या बाजूला, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टाइपात, ‘सेंद्रिय ओटवर वाढवलेले तंतुजाल’ एवढाच मजकूर आहे. बाटलीबरोबर आलेल्या घडीपत्रिकेत आणखी एक विधान आहे आणि खरे तर त्यामुळेच मी हे लिहायला बसलो. ही बाटली विकत घेऊन आपण उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक वायव्य भागातील जुन्या सूचिपर्णी अरण्यांमधल्या एका दुर्मीळ अळंबीच्या संवर्धनाला हातभार लावत आहात, असे ती पत्रिका ग्राहकाला सांगते. उत्पादकाचे नाव मी देत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते एका कंपनीपुरते नाही. धान्यावर वाढवलेले अगारिकॉन विकणाऱ्यांच्या बाटल्या थोड्याफार फरकाने अशाच असतात आणि त्यांच्यावर येणारे ग्राहकांचे अभिप्रायही जवळजवळ एकाच साच्याचे असतात.

आधी त्या चित्रातल्या अळंबीविषयी. शास्त्रीय ग्रंथांत ती फोमिटॉप्सिस ऑफिसिनॅलिस या नावाने आढळते आणि अलीकडे तिला लॅरिसिफोमिस ऑफिसिनॅलिस म्हणण्याकडे कल आहे. दुसऱ्या नावात लार्च वृक्षाचा उल्लेख दडलेला आहे, कारण आल्प्सपासून सायबेरियापर्यंत तिचे मुख्य घर म्हणजे लार्चचे खोड. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडे मात्र ती डग्लस फर, हेमलॉक, सिट्का स्प्रूस अशा वृक्षांवरही येते. पावसाळ्यात उगवून आठवड्याभरात विरून जाणाऱ्या भूछत्रांची कल्पना इथे उपयोगाची नाही. ही बहुवर्षायू अळंबी आहे. ती दरवर्षी खालच्या बाजूला सूक्ष्म छिद्रांचा एक नवा थर चढवते, आणि असे थर एकाखाली एक साचत पन्नास वर्षे किंवा त्याहूनही अधिक काळ गेला की खोडावर खडूसारखा पांढरट, कड्याकड्यांचा, अर्ध्या मीटरहून लांब खांब तयार होतो. हा खांब म्हणजे त्या जीवाचे केवळ फळ होय. मूळ शरीर झाडाच्या गाभ्यात तंतुजालाच्या रूपाने पसरलेले असते आणि ते लाकडातील सेल्युलोज पचवून तपकिरी, चौकोनी तुकड्यांत फुटणारा सडका गाभा मागे ठेवते. अशा भेगांमध्ये पांढऱ्या तंतुजालाचे कातड्यासारखे जाड पापुद्रे धरलेले असतात.

या सडक्या गाभ्यामुळेच लाकूडतोडीच्या व्यवसायात या अळंबीची गणना कायम रोगांत झाली. खोडावर एक जरी खांब दिसला तरी आतले बहुतेक लाकूड वाया गेले असे समजावे, हा तिथल्या वनपालांचा जुना आडाखा. ही अपकीर्ती तिच्या पथ्यावर पडली असेल असे वाटते खरे, पण झाले उलटेच: ज्या वयाच्या वृक्षांवर ती येते त्याच वयाच्या वृक्षांचे लाकूड सर्वांत किमती असल्याने अख्खी अरण्येच तोडली गेली, आणि निरोगी झाडांबरोबर सडक्या गाभ्याची झाडेही आडवी झाली.

औषध म्हणून तिची ख्याती त्याहून जुनी. पहिल्या शतकात डायोस्कोरायडीस या ग्रीक वैद्याने आपल्या द्रव्यगुणग्रंथात ‘अगारिकॉन’चे वर्णन करून ते काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील सार्मेशियातल्या अगारिया प्रदेशातून येते असे सांगितले, आणि त्याची चव आधी गोड व मग कडू लागते अशी नोंद केली. पुढे युरोपातल्या औषधालयांत ती ठाण मांडून बसली. क्षयाच्या रुग्णांना रात्री येणारा घाम थांबवण्यासाठी तिच्यातील अगारिक आम्ल एकोणिसाव्या शतकात वापरले जाई. अमेरिकेत तिच्या कडूपणामुळे तिच्यात क्विनाइन असावे असा गैरसमज पसरला आणि तिचे ‘क्विनाइन काँक’ असे बोली नाव पडले. वायव्य किनाऱ्यावरील त्लिंगित, हैदा आणि सिमशियन समाजांत तिचे स्थान निराळेच होते. त्यांच्या शमनांच्या, म्हणजे मांत्रिक-वैद्यांच्या, कबरींवर रक्षक म्हणून ठेवलेल्या एकोणिसाव्या शतकातील काही कोरीव आकृत्या लाकडाच्या समजल्या जात होत्या; त्या याच अळंबीतून कोरलेल्या आहेत हे १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनाने दाखवून दिले. हे सारे इथे सांगण्याचे कारण असे की आमच्या बाटलीवरच्या मजकुरात ‘दोन हजार वर्षांची परंपरा’ हे शब्द ठळकपणे आलेले आहेत, आणि ते खोटे नाहीत. मात्र ती परंपरा खोडावरून तोडलेल्या खांबाची आहे. ओटच्या दाण्यावर वाढलेल्या तंतुजालाला जेमतेम काही दशकांचा इतिहास आहे.

आता कॅप्सूल. मी एक कॅप्सूल उघडून तिच्यातील भुकटी पांढऱ्या बशीत काढली. रंग फिकट पिवळसर, पोत पिठाचा, वास शिळ्या धान्याच्या कोठारासारखा, किंचित ओलसर मातीचा. चिमूटभर जिभेवर ठेवली तर आधी पिठाची गोडी आली, मग अगदी मागाहून कडवटपणाची एक पुसट रेघ उमटली. डायोस्कोरायडीसचे वाक्य आठवून मला हसू आले, कारण क्रम तोच असला तरी खऱ्या अळंबीचा कडूपणा तोंडातून तासभर जात नाही असे ज्यांनी ती चाखली आहे ते सांगतात, आणि इथे पाण्याच्या एका घोटाने काम झाले. त्यानंतर जखमेवर लावायच्या आयोडीनचा पातळ केलेला एक थेंब त्या भुकटीवर टाकला. क्षणात तिथे निळाकाळा डाग पडला आणि बघता बघता तो जवळजवळ काळा झाला. शाळेच्या प्रयोगशाळेत बटाट्याच्या कापावर दिसतो तोच हा रंग, पिष्टाचा. तुलनेसाठी दुसऱ्या एका झाडावरच्या अळंबीची, धान्याचा संबंध नसलेली भुकटी शेजारी ठेवून तिच्यावरही थेंब टाकला होता. तो आयोडीनच्याच तपकिरी रंगाचा राहिला. तंतुजाल दाण्यात खोलवर शिरलेले असल्यामुळे उत्पादनाच्या वेळी दोन्ही वेगळे करता येत नाहीत, म्हणून दाण्यासकट सारे वाळवून दळले जाते. दळलेल्यात तंतू किती आणि ओट किती हे लेबल सांगत नाही. अळंबीतील बीटा-ग्लुकॅन या बहुशर्करेचा आकडा नाही, पिष्टाचा नाही, अगारिक आम्लाचा तर उल्लेखही नाही.

ग्राहकांच्या अभिप्रायांतली मुख्य तक्रार इथेच येते. पैसे अळंबीचे मोजले आणि पदरात पीठ पडले, असा तिचा सूर असतो, आणि आरोग्यासाठी पैसे मोजणाऱ्याच्या दृष्टीने ती तक्रार रास्त आहे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाचीही जुनी भूमिका अशीच आहे की तंतुजालाला अळंबी म्हणून विकू नये, लेबलवर ते तंतुजाल असल्याचे स्पष्ट लिहावे. आमच्या उत्पादकाने अक्षरशः तसे लिहिले आहे, पण जिथे नजर जाते तिथे चित्र खांबाचे लावले आहे. याला नियमभंग म्हणता येणार नाही. प्रामाणिकपणाही म्हणवत नाही.

तरीही या तक्रारीतून जी मागणी पुढे येते तिच्याशी मी सहमत होऊ शकत नाही. ‘आम्हाला पीठ नको, खरी अळंबी द्या’ असे म्हणणारे ग्राहक रेशी किंवा शिटाके यांच्याबाबतीत योग्यच बोलत असतात, कारण त्या अळंब्यांची फळे लाकडाच्या भुशावर किंवा ओंडक्यांवर सर्रास पिकवता येतात. अगारिकॉनचे खांब बाजारात पुरतील अशा प्रमाणात कोणी पिकवत नाही. त्याचे तंतुजाल काचेच्या भांड्यात काही आठवड्यांत वाढते, खांबाला मात्र जुने झाड आणि कित्येक दशके लागतात. तेव्हा ‘शंभर टक्के खरी अळंबी’ अशी बाटली जेव्हा एखादा विक्रेता पुढे करतो, तेव्हा ती अळंबी कोणत्या तरी अरण्यातल्या कोणत्या तरी वृक्षावरून उतरवलेली असण्याचीच शक्यता अधिक. सर्व अभिप्रायांत ज्याला सर्वांत मोठा दोष ठरवले गेले आहे तो ओट माझ्या मते या वस्तूचा एकमेव निर्विवाद गुण आहे, कारण ही बाटली भरण्यासाठी अरण्यातून दरवेळी नवे काही आणावे लागत नाही.

आरोग्याच्या दाव्यांवर फार वेळ घालवण्याचे कारण नाही. १९९४ च्या पूरक आहारविषयक कायद्यानुसार अमेरिकेत अशा वस्तू विकण्याआधी त्यांचा परिणाम सिद्ध करावा लागत नाही. ‘रोगप्रतिकारशक्तीला आधार देते’ असे मोघम वाक्य लिहून त्याखाली ‘या विधानाचे अन्न व औषध प्रशासनाने मूल्यमापन केलेले नाही’ अशी तळटीप दिली की भागते, आणि इथे नेमके तसेच केले आहे. घडीपत्रिकेत क्षयाच्या जंतूंवरील संशोधनाचा उल्लेख आहे. २०१३ साली या अळंबीतून क्लोरीनयुक्त कूमरिन वर्गातील दोन संयुगे वेगळी करण्यात आली आणि परीक्षानळीत ती क्षयाच्या जंतूंविरुद्ध गुणकारी दिसली, एवढे खरे आहे. परंतु तीच संयुगे संशोधकांनी प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्याही तयार केली, आणि परीक्षानळी म्हणजे माणसाचे फुप्फुस नव्हे, हे पत्रिकेने गाळले आहे. विषाणूंच्या बाबतीत पॉल स्टॅमेट्स या वॉशिंग्टन राज्यातील कवकतज्ज्ञाने जमवलेल्या अगारिकॉनच्या नमुन्यांची अमेरिकी सरकारच्या जैवसंरक्षण कार्यक्रमात तपासणी झाली होती, आणि जुनी अरण्ये राखणे हा राष्ट्रीय संरक्षणाचा प्रश्न आहे असे ते त्यानंतर जाहीरपणे मांडत आले. युक्तिवाद आकर्षक आहे. ओटच्या भुकटीच्या दोन कॅप्सूलमधून तो सिद्ध होत नाही. मी महिनाभर त्या नियमाने घेतल्या. मला काही झाले नाही, बरेही नाही आणि वाईटही नाही, आणि एका माणसाच्या एका महिन्याला पुरावा म्हणण्याइतका मी भाबडा नाही. अगारिक आम्ल मोठ्या मात्रेत वांती व रेच घडवते आणि युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमानुसार ते खाद्यपदार्थांत स्वतंत्रपणे मिसळण्यास मनाई आहे, हे लक्षात घेता त्याचे प्रमाण न छापणे ही मात्र लेबलची गंभीर त्रुटी आहे.

राहिला संवर्धनाचा दावा, आणि त्यासाठी बाटली बाजूला ठेवून अरण्यात जावे लागते. ऑलिंपिक द्वीपकल्पावरील एका जुन्या अरण्यात माहीतगार व्यक्तीबरोबर जाऊन मी अगारिकॉनचा एक खांब पाहिला आहे. जागा सांगणार नाही. ज्यांना अशा जागा माहीत असतात ते त्या सांगत नाहीत, आणि ती रीत मला पटते. डग्लस फरचे ते झाड चार माणसांच्या कवेत मावले नसते, त्याचा शेंडा केव्हाच्या काळी मोडून पडलेला होता, आणि जमिनीपासून सुमारे सहासात मजल्यांच्या उंचीवर, जिथे एक जाड फांदी तुटून खाच पडली होती तिच्या जरा खाली, तो खांब होता. नुसत्या डोळ्यांनी पक्ष्याच्या विष्ठेचा ओघळ वाटावा असा. दुर्बिणीतून पाहिल्यावर त्याच्या कडा दिसू लागल्या, वरच्या करड्या, भेगाळलेल्या, शेवाळाच्या ठिपक्यांच्या, आणि तळाशी एक कड खडूसारखी स्वच्छ पांढरी, त्या वर्षीची. मी वरून खाली कडा मोजायला लागलो आणि तिसाच्या पुढे मोजणी चुकली. झाडाच्या पायथ्याशी मोडलेल्या शेंड्याचा एक भाग पडलेला होता; त्याला बोट लावताच विटेच्या रंगाचे चौकोनी तुकडे सुटून हातात आले आणि दोन तुकड्यांमधून पांढरा, मऊ, फाटता फाटेना असा पापुद्रा लोंबत राहिला. तो परत तसाच दाबून ठेवला. त्या संपूर्ण दिवसात, एवढ्या मोठ्या पट्ट्यात, आम्हाला तो एकच खांब दिसला.

अशा झाडाच्या अनुपस्थितीत या अळंबीचे काहीच चालत नाही. तिचे बीजाणू मोडलेल्या फांद्या आणि शेंड्यांच्या जखमांमधून आत शिरतात, गाभ्यात पसरायला त्यांना जुने, जाड, मोठ्या गाभ्याचे खोड लागते, आणि फळ धरण्याआधी बराच काळ जातो. या प्रदेशातील खासगी मालकीच्या वनांमध्ये डग्लस फर साधारणतः चाळीस ते साठ वर्षांच्या फेऱ्याने तोडला जातो. म्हणजे ज्या वयात झाड अळंबीच्या कामाचे होऊ लागायला अजून शतकभर अवकाश असतो, त्याच वयात ते गिरणीत पोचते. अशा वनाला वन म्हणता येईल, पण या अळंबीच्या दृष्टीने ते उसाच्या फडाहून वेगळे नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या लाल यादीत २०१९ साली तिची नोंद ‘संकटग्रस्त’ या वर्गात झाली, आणि तिच्यावरील मुख्य संकट म्हणजे जुन्या अरण्यांचा ऱ्हास. औषधासाठी होणारी तोड ही त्यात पडलेली भर. पोलंडमध्ये तिला कायद्याचे कडक संरक्षण आहे. अमेरिकेत मात्र १९७३ च्या संकटग्रस्त प्रजाती कायद्याखाली आजवर दोन दगडफुलांना, म्हणजे कवक आणि शैवाल मिळून बनलेल्या जीवांना, संरक्षण मिळाले असले तरी एकाही अळंबीला ते मिळालेले नाही, त्यामुळे अगारिकॉनला तिथे जे काही संरक्षण लाभते ते ती ज्या झाडावर बसली आहे त्या झाडाच्या नशिबाने.

झाडाचे नशीब ठरवणारा मोठा निर्णयही १९९४ सालचाच आहे. ठिपकेदार घुबडाला १९९० मध्ये कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर उसळलेल्या वादातून वायव्य वनयोजना आली आणि वॉशिंग्टन, ओरेगॉन व उत्तर कॅलिफोर्नियातील सुमारे एक कोटी हेक्टर संघराज्यीय भूमीवरील जुन्या अरण्यांची तोड तिने मोठ्या प्रमाणात आवरली. बाटलीला मोकळीक देणारा कायदा आणि झाडाला आसरा देणारी योजना एकाच वर्षी याव्यात हा निव्वळ योगायोग, पण अगारिकॉनचे जे काही वाचले आहे ते दुसऱ्यामुळे वाचले आहे, पहिल्यामुळे नाही. घडीपत्रिकेत या योजनेचा शब्दानेही उल्लेख नसावा याचे मला मनापासून आश्चर्य वाटले.

त्याच अरण्यांतील दुसरी एक अळंबी इथे आठवते. ब्रिजिओपोरस नोबिलिसिमस ही रुबाबदार, वरून केसाळ हिरवट, नोबल फर आणि पॅसिफिक सिल्व्हर फर यांच्या बुंध्याशी येणारी. १९४९ साली तिचे शास्त्रीय वर्णन झाले, आणि तिच्या एका नमुन्याचे वजन १३० किलोच्या वर भरले होते. तिला औषधी म्हणून कोणी विकत नाही, तिच्या कॅप्सूल निघत नाहीत, तिच्या चित्राचे लेबल कोणी छापत नाही. वायव्य वनयोजनेने मात्र तिच्या ज्ञात ठिकाणांभोवती राखीव क्षेत्र ठेवण्याची तजवीज केली. बाजाराने एखाद्या अळंबीची दखल घेणे आणि ती अळंबी टिकणे या दोन गोष्टींचा परस्परांशी फारसा संबंध नाही, याचे याहून चांगले उदाहरण मला ठाऊक नाही.

कंपनीला मी तीन प्रश्न पाठवले होते आणि तिने दहा दिवसांनी उत्तर दिले, ही तिच्या बाजूची गोष्ट सांगायला हवी. तंतुजालाचे मूळ वाण कुठून आणले, असा पहिला प्रश्न होता. खांबाचा नखाएवढा तुकडा काढून त्यापासून पोषकद्रव्याच्या थाळीत संवर्ध तयार केला, खांब जागेवरच ठेवला आणि ठिकाण आम्ही उघड करत नाही, असे उत्तर आले. ते समाधानकारक आहे, आणि ठिकाण न सांगण्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. बाटल्यांमध्ये किती वेगवेगळी वाणे वापरली जातात, या दुसऱ्या प्रश्नाला ‘एकच, सर्वोत्तम’ असे उत्तर मिळाले, आणि तिथेच संवर्धनाचा दावा माझ्या लेखी कोसळला. एकाच जीवापासून वाढवलेले टनभर तंतुजाल हा जनुकीयदृष्ट्या तोच एक जीव असतो. त्यातून व्यापार टिकतो, प्रजातीतील विविधता टिकत नाही. निरनिराळ्या अरण्यांतील अनेक वाणे थंडीत जपून ठेवणारा संवर्धसंग्रह ही निराळी आणि खरोखर मोलाची गोष्ट आहे, परंतु या कंपनीकडे तो असल्याचे तिने कुठे म्हटलेले नाही. विक्रीतील किती वाटा जुन्या अरण्यांच्या रक्षणासाठी जातो, या तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आले नाही. पुढच्या खरेदीवर सवलतीचा संकेतांक आला.

बाटली काचेची आहे, झाकण घट्ट बसते, कॅप्सूलचे आवरण वनस्पतिजन्य आहे, पार्सल वेळेवर आले. या बाबतीत काही तक्रार नाही.

सारांश मागणाऱ्या ग्राहकाला माझे उत्तर असे राहील की आरोग्यासाठी म्हणून ही बाटली घेण्याची शिफारस मी करणार नाही, कारण आत काय आणि किती आहे हे सांगण्याची तसदी उत्पादकाने घेतलेली नाही; अळंबी वाचवण्यासाठी म्हणून तर मुळीच करणार नाही, त्यासाठी अरण्य विकत घेऊन राखणाऱ्या एखाद्या भूमिन्यासाला तेच पैसे दिलेले बरे. पण ज्याला काही झाले तरी अगारिकॉन घ्यायचेच आहे त्याने ओटचे घ्यावे, पिठाची तक्रार न करता घ्यावे. रानातून तोडलेले खांब, त्यांचे काप किंवा त्यांचा अर्क यांच्या वाटेला जाऊ नये.

हे शेवटचे वाक्य लिहिण्याचे निमित्त असे घडले की ज्या संकेतस्थळावरून मी ही बाटली मागवली, तिथेच ‘हीदेखील पाहा’ या ओळीत मला अगारिकॉनच्या वाळवलेल्या कापांची एक जाहिरात दिसली. छायाचित्रातल्या कापावर कडा स्पष्ट दिसत होत्या. मी पडद्यावर बोट ठेवून मोजल्या, त्या बेचाळीस भरल्या. उगमाच्या रकान्यात ‘जंगली, हाताने गोळा केलेले’ असे अभिमानाने लिहिलेले होते आणि खाली अभिप्रायांत एकाने समाधान व्यक्त केले होते की अखेर पिठाची भेसळ नसलेली खरी वस्तू मिळाली. मी तक्रार नोंदवण्याचे बटण दाबले. संकटग्रस्त जीवांची विक्री हा पर्याय यादीत होता, पण तो निवडल्यावर पुढे प्राणी आणि वनस्पती असे दोनच कप्पे उघडले. अळंबी या दोहोंपैकी कशातच बसत नाही. बराच वेळ विचार करून मी ‘वनस्पती’वर खूण केली, खालच्या चौकटीत ती वनस्पती नसल्याचे लिहिले आणि अर्ज पाठवला. पोच मिळाली. आज हे लिहिताना पुन्हा पाहिले तर जाहिरात तिथेच आहे, फक्त ‘शिल्लक साठा’ पाचावरून दोनवर आला आहे.